सहा चवी, तीन गुण आणि एक पृथ्वी

पुढचे कडवे वाचा. चालीत म्हणून पाहिलेत तर अधिक चांगले.

बाण सुटावा, नेत्र वळावे,
रिते दिसावे अंबर;
पक्ष मिटूनी चंद्र बसावा
ओढुन काळी चादर.

कविता म्हणून हे काही फार मोठे काम नाही. ते माझेच आहे, म्हणून एवढे बोलण्याचा मला अधिकार आहे. २०२५ च्या गणेशोत्सवात आमच्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी हे कडवे पेटीतबल्यावर म्हटले. ऐकणाऱ्यांना वाटले, असेल काहीतरी रात्रीचे वर्णन. खरे म्हणजे ते एक कोडे होते आणि त्याचे उत्तर ठरलेल्या दिवशी आकाशात उमटणार होते.

उत्तर असे काढायचे. मदनाचे बाण पाच, म्हणून बाण म्हणजे ५. नेत्र दोन, म्हणून २. अंबर म्हणजे आकाश. ते रिकामे, म्हणून शून्य. पक्षाला, म्हणजे पाखराला, पंख दोन आणि महिन्यालाही पक्ष दोनच, म्हणून पुन्हा २. आले ५, २, ०, २. आता हे आकडे एकम स्थानापासून मांडायचे. एकम ५, दहम २, शतम ०, सहस्र २. वर्ष झाले २०२५. उरलेला भाग सोपा आहे. पक्ष मिटला म्हणजे शुक्ल पक्ष संपला, अर्थात पौर्णिमा. आणि चंद्राने काळी चादर ओढली म्हणजे ग्रहण. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ११ वाजल्यानंतर चंद्र पृथ्वीच्या छायेत पुरता बुडाला होता.

मी स्वतःवर खूश होतो. तेवढ्यात अकरावीतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, चंद्र एकच असतो, म्हणजे चंद्र १. मग वर्ष १२०२५ नाही का होत?” वर्गात हशा झाला, पण मुलीचे बरोबर होते. कोडे कोठे संपते, हे मी कोठेच सांगितले नव्हते. दुसऱ्या एकाने दाखवून दिले की २०२५ मध्ये खग्रास चंद्रग्रहणे दोन झाली, एक १४ मार्चला आणि एक ७ सप्टेंबरला. मार्चचे आपल्याकडून दिसले नाही म्हणून माझी अब्रू राहिली, इतकेच.

या दोन प्रश्नांनी मला पुष्कळ विचार करायला लावला. गाण्यात आकाश लपवणे सोपे आहे. पण कोणीतरी पुढे ते शोधील तेव्हा त्याला कवीने लपवलेलेच सापडले की स्वतःच्या मनातले सापडले, हे कसे ओळखायचे?

माझ्या कडव्यातली युक्ती माझी नव्हे. तिला भूतसंख्या म्हणतात. आपल्याकडचे जुने ज्योतिर्गणित बहुतेक सारे पद्यात आहे. ग्रंथाच्या प्रती हाताने करायच्या आणि त्या थोड्या. तेव्हा विद्यार्थी ग्रंथ पाठ करीत, चालीवर म्हणत. आता ‘चार हजार नऊशे सदुसष्ट’ हा शब्दसमूह एखाद्या वृत्तात बसवून पाहा, म्हणजे अडचण कळेल. त्याऐवजी प्रत्येक आकड्यासाठी जगातली एखादी वस्तू घेतली, की समानार्थी शब्दांचे अख्खे कोठार उघडते. एकासाठी चंद्र घ्या. तो नाही बसला तर शशी, इंदू, सोम, विधू घ्या. नाहीतर पृथ्वी घ्या, तीही एकच. अग्नी ३, वेद ४, ऋतू ६, रुद्र ११, सूर्य १२ (बारा आदित्य म्हणून), तिथी १५, नखे २०, नक्षत्रे २७, दात ३२. राम म्हणजे ३, कारण परशुराम, दशरथाचा राम आणि बलराम असे तिघे. शून्याला आकाशाचे कोणतेही नाव चालते.

यात एक सुरेख सोय आहे. संस्कृतात ‘नग’ म्हणजे पर्वत आणि ‘नाग’ म्हणजे साप किंवा हत्ती. पर्वत मोठे सात, म्हणून नग ७. अष्टनाग प्रसिद्ध, म्हणून नाग ८. एका कान्याने संख्या बदलते! नक्कल करणाऱ्याची लेखणी जरा घसरली आणि हा शब्द सहस्राच्या स्थानी असला, तर हजाराचा फरक पडेल. पण तसे सहसा होत नाही, कारण नग या शब्दाच्या मात्रा दोन आणि नागच्या तीन. म्हणताना वृत्त अडखळते आणि चूक कानाला कळते. तुमच्या एखाद्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला आयएसबीएन क्रमांक असतो ना? त्यातला शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो; मध्ये कोठे अंक चुकला तर हिशेब जुळत नाही. वृत्ताने हेच पहारेकऱ्याचे काम छापखान्याच्या आधी काही शतके केले.

मात्र वृत्ताला सगळेच पकडता येत नाही. समुद्र किती? जुन्या गणितज्ञांच्या लेखी साधारणपणे चार. पण पुराणांत सात समुद्र आहेत आणि काही लेखकांनी समुद्र म्हणजे ७ असेही घेतलेले आहे. येथे मात्रा मोजून काही उपयोग नाही. शब्द तोच आहे. मग काय करायचे?

भास्कराचार्यांचे उदाहरण पाहू. सिद्धांतशिरोमणीत त्यांनी पृथ्वीचा परीघ योजनांत सांगितला आहे. शब्दांचा अर्थ क्रमाने असा: सात, अंगे, नंद, समुद्र. वेदांची अंगे सहा, नंद राजे नऊ. समुद्र चार धरले तर परीघ ४९६७ योजने येतो, सात धरले तर ७९६७. पृथ्वीचा व्यास त्यांनीच १५८१ योजने आणि वर एक चोविसांश इतका दिला आहे. परिघाला व्यासाने भागा. ४९६७ घेतल्यास भागाकार ३.१४१६ येतो. ७९६७ घेतल्यास ५.०४! वर्तुळ कोणाच्या मताप्रमाणे चालत नाही. समुद्र चारच.

केरळातल्या संगमग्रामच्या माधवाने, चौदाव्या शतकात, याच्याही पुढची गंमत केली. देव, नेत्र, हत्ती, साप, अग्नी, तीन, गुण, वेद, नक्षत्रे, पुन्हा हत्ती, बाहू अशी मिरवणूक त्याने एका श्लोकात काढली. देव तेहतीस आणि नक्षत्रे सत्तावीस म्हणून काही ठिकाणी दोन दोन आकडे एकदम येतात. ती उलट क्रमाने उभी केली की २८२७४३३३८८२३३ ही संख्या मिळते. ९०००००००००००, म्हणजे नवावर अकरा शून्ये, इतक्या व्यासाच्या वर्तुळाचा तो परीघ. भागाकार करून पाहा. ३.१४१५९२६५३५९ पर्यंत तो आजच्या किमतीशी जुळतो. एखाद्याला शंका आली की हे शब्द आपण ओढूनताणून लावले असतील, तर त्याला इतकेच विचारावे: ओढूनताणून लावलेल्या शब्दांतून पायची किंमत दशांशाच्या अकराव्या स्थळापर्यंत कशी येईल?

आता आपल्या घराजवळ येऊ. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक गोलाध्यायाच्या शेवटाकडे अशाच शब्दांत सांगून ठेवला आहे. त्यात एकापुढे एक येतात रस, गुण, शून्य आणि पृथ्वी. रस म्हणजे चवी: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट अशा सहा. गुण तीन: सत्त्व, रज, तम. ६, ३, ०, १ उलट मांडले की शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. लगेच पुढे ते म्हणतात की हा ग्रंथ मी रस-गुण वर्षांचा असताना रचला. पुन्हा तेच दोन शब्द! जन्मशकाचे शेवटचे दोन आकडे ३६ आणि ग्रंथ लिहितानाचे वयही ३६. हा योग त्यांच्या ध्यानात आला आणि त्यांनी तो सोडला नाही. १०३६ मध्ये ३६ मिळवा, शके १०७२, म्हणजे इसवी सन ११५०. आणि माझ्या विद्यार्थिनीने काढलेली खोडही तेथे नाही. चारी आकडे एकाच सामासिक शब्दात बांधले आहेत आणि पुढे ‘शक’ हा शब्द कुंपणासारखा उभा आहे.

आपले गाव कोणते, हेही त्यांनी सांगितले आहे. सह्याद्रीलगतचे विज्जडविड. पण या नावाचे गाव आज नकाशावर नाही. कोणी ते खानदेशातले पाटण म्हणतो, कोणी विजापूर, कोणी बीड. वर्षाचे कुलूप उघडले, कारण त्याची किल्ली सर्वांना ठाऊक होती. गावाच्या नावात भास्कराचार्यांना काही लपवायचे नव्हते आणि तेच कोडे होऊन बसले.

पाटणच्या बाजूने एक साक्षीदार मात्र भक्कम आहे. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, कन्नड ओलांडून औट्रम घाट उतरलात की चाळीसगाव लागते. त्याच्या नैर्ऋत्येस डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवी म्हणून ते सर्वांना माहीत असते. येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख मिळाला आणि १८६५ मध्ये त्यांनी तो विद्वानांपुढे ठेवला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. या चांगदेवाने आजोबांचे सिद्धांतशिरोमणी इत्यादी ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला एक मठ काढला आणि यादवांचा मांडलिक सोइदेव निकुंभ याने त्याला देणग्या दिल्या. एका माणसाच्या ग्रंथांसाठी काढलेली ही शाळाच म्हणायची. लेखाच्या शेवटाकडचा देणग्यांचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे.

माझे लक्ष मात्र दानाच्या तारखेने वेधून घेतले. शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. चार खुणा दिल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत!

तुम्हीच पडताळा. घरातले पंचांग काढा. शके १९४७, म्हणजे २०२५ च्या पाडव्याला सुरू झालेले वर्ष, विश्वावसू नावाचे होते. साठ संवत्सरांच्या यादीत विश्वावसूचा क्रमांक ३९ आणि प्रभवाचा पहिला. म्हणजे प्रभव ३८ वर्षे आधी, शके १९०९ मध्ये. तेथून साठ-साठ वर्षांच्या तेरा उड्या मागे घ्या. १९०९ मधून ७८० गेले, राहिले ११२९. म्हणजे प्रभव संवत्सर शके ११२९ मध्ये, इसवी सन १२०७ मध्ये येते. दगड म्हणतो ११२८. काही ठिकाणी सरलेले वर्ष मोजत, काही ठिकाणी चालू वर्ष, त्यामुळे जुन्या तारखांत एखाद्या वर्षाचा घोळ नेहमी होतो. पण येथे ११२८ हे सरलेले धरले तर १२०६ येते आणि चालू धरले तर १२०५. दोन्ही प्रकारे १२०७ येत नाही.

नावावर विश्वास ठेवायचा की आकड्यावर? पंच म्हणून आपण चंद्राला बोलावू.

अभ्यासकांनी या दानाची तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी ठरवली आहे. (ही त्या काळची ज्युलियन तारीख, आजच्या ग्रेगरीय पद्धतीने तो दिवस १६ ऑगस्ट होतो.) त्या दिवसापासून आपल्या गाण्यातल्या ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणापर्यंत २९८७९१ दिवस होतात. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३०५८८ दिवस जातात. भागाकार करा. उत्तर १०११८.०२, जवळजवळ पूर्णांक. म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ च्या सुमारास चंद्र पुरता भरलेला होता.

पण प्रत्येक पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही जेथे छेदतात त्या पातबिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो. पौर्णिमेचा चंद्र यांपैकी एकाजवळ असला तरच पृथ्वीची छाया त्याच्यावर पडते. साधारण बारा अंशांपलीकडे गेला की छाया चुकली. एका पातबिंदूपासून निघून पुन्हा त्याच बिंदूशी यायला चंद्राला सरासरी २७.२१२२२१ दिवस लागतात. आता २९८७९१ ला या संख्येने भागा.

१०९८०.०३.

पहिल्यांदा हे उत्तर गणकयंत्रावर आले तेव्हा मी बटणे चुकली असे समजून पुन्हा आकडे घातले. पौर्णिमांचे मोजमापही पूर्णांकात आणि पातबिंदूचेही पूर्णांकात! दशांशापुढे उरलेले दोन-तीन शतांश महत्त्वाचे नाहीत, कारण चंद्र कधी वेगाने चालतो, कधी हळू; आपण घेतलेले महिने सरासरीचे आहेत आणि अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक सहज पडतो. म्हणजे १२०७ च्या श्रावण पौर्णिमेला चंद्र जवळपास तेथेच होता जेथे तो आमच्या मुलांनी गाणे म्हटल्यानंतरच्या त्या रात्री होता. ग्रहण झालेच पाहिजे.

शके ११२८ च्या बाजूनेही एकदा मोजून पाहणे न्यायाचे होईल. ती श्रावण पौर्णिमा, मध्ये अधिक महिना आल्यामुळे, १३ पौर्णिमा आधीची, १२०६ च्या जुलैमधली. म्हणजे २०२५ च्या ग्रहणापासून मागे १०१३१ पौर्णिमा. त्यांचे दिवस करून २७.२१२२२१ ने भागले की १०९९४.१२ येतात. पूर्णांकावरच्या .१२ चा अर्थ असा की चंद्र पातबिंदूपासून चाळीसएक अंश दूर होता. ग्रहणाचा प्रश्नच नाही. दगडावरचा आकडा चुकला आहे. संवत्सराचे नाव आणि ग्रहण बरोबर आहेत. चूक कोणाची, लेख रचणाऱ्याची की कोरणाऱ्याची, ते चंद्र सांगत नाही.

आता दुसरी बाजू. अलीकडे विद्यार्थी माझ्याकडे मोबाइलवर आलेले संदेश घेऊन येतात: अमुक ऋचेत प्रकाशाचा वेग आहे, तमुक ओवीत सूर्यमाला आहे. हे संदेश अभिमानाने पाठवलेले असतात, त्यामुळे थट्टा करू नये. मोजून पाहावे.

चौदाव्या शतकात सायणाचार्यांनी ऋग्वेदावर भाष्य लिहिले. त्यात सूर्याच्या संदर्भात अर्ध्या निमिषात २२०२ योजने असा वेग आला आहे. हा आकडा भाष्यात खरोखरच आहे. मात्र योजन किती लांब आणि निमिष किती वेळाचे, हे त्या वाक्यात नाही. पुराणांप्रमाणे दिवसाचे ४०५००० निमिष होतात, म्हणजे एक निमिष ०.२१३३ सेकंदांचे. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने दिला आहे, त्यावरून त्याचे योजन सुमारे १२.१ किलोमीटरचे. ही मापे घातल्यास वेग सेकंदाला अडीच लाख किलोमीटर येतो. भास्कराचार्यांचे योजन ८.०६ किलोमीटरचे, ते घेतल्यास १ लाख ६६ हजार. आणि निमिषही भास्कराचार्यांचेच घेतले, त्यांच्याकडे दिवसाचे ९७२००० निमिष आहेत, तर वेग ४ लाखांना टेकतो. प्रकाशाचा खरा वेग २९९७९२ किलोमीटर. तो हवाच असेल तर १४.५ किलोमीटरचे योजन शोधावे लागते. आणि उत्तर आधी ठाऊक असले की असे माप कोठेतरी सापडतेच. चंद्राने आपल्याला अशी मोकळीक दिली नव्हती. तेथे महिन्याची लांबी आपण निवडली नाही.

ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट आणखी निराळी आहे. नावेत बसलेल्याला काठावरची झाडे धावताना दिसतात आणि सूर्य न चालता चालल्यासारखा दिसतो, अशा अर्थाच्या उपमा तेथे आहेत. पैठण-नेवाशाच्या परिसरात, १२९० मध्ये, सापेक्ष गतीचे इतके नेमके चित्र काढणाऱ्या कवीपुढे मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक म्हणून हात जोडतो. वर्गात गती शिकवताना मी नावेचेच उदाहरण देतो. आर्यभटानेही पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे समजावताना नावच घेतली होती. पण ज्ञानेश्वरांना तेथे कर्म करूनही अकर्ता राहणारा पुरुष सांगायचा आहे. यावरून त्यांनी कोपर्निकसच्या आधी सूर्यकेंद्री विश्व मांडले, असे म्हणणे म्हणजे आपल्याच खिशातली किल्ली त्यांच्या दारात ठेवून ती सापडली असे ओरडणे आहे. तेथे कुलूप नाहीच. दार उघडे आहे आणि आत जे आहे ते वेगळेच व अधिक मोलाचे आहे.

उलट, साध्या नाचगाण्यात खरे कुलूप असू शकते. ब्रिटनमधल्या क्वीन या वाद्यवृंदाचा गिटारवादक ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी होता. गाण्यापायी त्याने संशोधन अर्धवट सोडले आणि पुढे २००७ मध्ये, सूर्यमालेतल्या धुळीवर प्रबंध देऊन, डॉक्टरेट पुरी केली. त्याने लिहिलेले १९७५ चे एक गाणे आहे, नाव नुसते ‘३९’. लोकगीताच्या थाटाचे. खलाशी ३९ साली निघतात आणि ३९ सालीच परततात. वय वाढले एका वर्षाने, पण ओळखीचे कोणी उरलेले नाही. शतक कोणते ते गाळले आहे आणि सारी खुबी त्या गाळण्यात आहे. दोन ३९ सालांमध्ये शंभर वर्षे गेली आहेत. हे आपण लावलेले नाही, कवीनेच ते उघड सांगितले आहे. आइन्स्टाइनच्या विशिष्ट सापेक्षतेप्रमाणे यानातल्या एका वर्षात पृथ्वीवर शंभर वर्षे जायची असतील, तर यानाचा वेग प्रकाशाच्या ०.९९९९५ पट हवा. अकरावी-बारावीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. वर्गमुळाखाली १ उणे वेगाच्या गुणोत्तराचा वर्ग, आणि उत्तर एक शतांश.

माझ्या विद्यार्थिनीच्या आक्षेपानंतर मी एक नवे कडवे केले आहे. यावेळी वर्षाचे चारी शब्द पहिल्या दोन ओळींत आहेत. अर्धविरामापाशी थांबायचे, पुढचा सूर्य म्हणजे बारा नव्हे, तो खराखुरा सूर्य आहे.

अश्व धावले, कर थरथरले,
गगनी मिटले लोचन;
सूर्याच्या ताटातुन कोणी
चोरुन नेले भोजन.

अश्व सूर्याच्या रथाचे मोजा. कर म्हणजे हातही आणि किरणही, पण येथे हातच धरा. वर्ष निघाले की त्या वर्षीची सूर्यग्रहणे पंचांगात पाहा. ती दोन आहेत. त्यांतले आपल्या गावातून दिसेल असे एकच आहे. तारीख सापडल्यावर वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी ग्रहण पाहायचे ते ग्रहणचष्म्यातून किंवा पुठ्ठ्याच्या छिद्रातून भिंतीवर पडलेल्या प्रतिमेत, उघड्या डोळ्यांनी नव्हे.